आकडा आला, पण प्रश्न काय होता?

यावेळच्या पत्रांमधे जवळपास प्रत्येकाच्या हातात कुठला ना कुठला रिपोर्ट आहे, म्हणून चार पत्रं एकत्रच घेतेय.

ताई, मुलगा नऊ वर्षांचा आहे. वाचताना अडखळतो, फळ्यावरचं उतरवून घेताना कायम मागे. शाळेनं असेसमेंट करायला सांगितलं, आयक्यू ८८ आला. नवरा म्हणतो आता जास्त अपेक्षा ठेवायला नको. रिपोर्ट सोबत पाठवतेय. मुलगा मंद आहे का?

नाही. अजिबात नाही. या टेस्टची रचनाच अशी असते की सरासरी १०० धरायची आणि साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ मधे येतात, म्हणजे तुमचा मुलगा त्या गर्दीतच उभा आहे. शिवाय आकडा म्हणजे काही वजनकाटा नव्हे, पाच-सहा मार्क इकडे तिकडे होतातच, झोप झाली नसेल, टेस्ट घेणाऱ्या बाईंची भीती वाटली असेल, काहीही.

पण मला खरं तर तो ८८ नकोच आहे. रिपोर्टचं दुसरं पान उघडा. शब्दांचे अर्थ सांगणं, दोन गोष्टींत सारखं काय ते ओळखणं, यात त्याला १०२ आहेत. लाल-पांढरे ठोकळे जुळवून नक्षी करण्यात ९५. आणि चिन्हं बघून भराभर रकाने भरायच्या कामात ७३! एवढी दरी असली की एकूण आकडा जवळपास निरुपयोगी होतो, एक पाय गरम पाण्यात आणि एक बर्फात ठेवून सरासरी कोमट आहे म्हणण्यासारखं. आता शेवटच्या पानावर बाईंनी हातानं काय लिहिलंय बघा, "प्रत्येक चिन्ह गिरवून काढत होता, नीट आलंय का ते मान वर करून विचारत होता." ही ओळ माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची. हात संथ आहे, का चुकायची भीती आहे, का दोन्ही, हे शोधायला हवं आणि फळ्यावरचं उतरवणं तिथंच अडत असणार.

राहिलं वाचन. आयक्यू टेस्ट वाचन मोजतच नाही, त्याची वेगळी चाचणी असते, ती झालेली दिसत नाही, ती मागून घ्या. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या (हे राहून जातं, हसू नका). आणि टेस्ट ज्या भाषेत झाली ती त्याची घरची भाषा होती का, तेही विचारा.

नवऱ्याला एवढंच सांगा की १९०५ मधे पॅरिसमधे बिने आणि सिमोन यांनी असली पहिली टेस्ट केली ती शाळेत कुणाला जास्तीची मदत लागेल हे शोधायला, आणि बुद्धी म्हणजे कायमचा ठरलेला आकडा असं मानायला बिनेचा स्वतःचाच विरोध होता.

सासरे ७४ वर्षांचे, शाळा पाचवीपर्यंत. विसरायला लागलेत. दवाखान्यात टेस्ट झाली, ३० पैकी २१. नंतर मला एकटीला आत बोलावून त्यांच्याबद्दल खूप प्रश्न विचारले, मला चुगली केल्यासारखं वाटलं. हा डिमेन्शियाच ना?

एवढ्यावरून कुणीच सांगू शकत नाही. तुमच्या कागदावर मोका लिहिलंय, म्हणजे स्मरण, लक्ष वगैरे पटकन बघणारी ३० मार्कांची चाचणी, त्यात २६ आणि वर म्हणजे ठीक असं सर्वसाधारण धरतात, पण घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा, घन काढा, ही कामं आयुष्यभर पेन्सिल न धरलेल्या माणसाला जड जाणारच. बारा किंवा त्यापेक्षा कमी वर्षं शाळा झालेल्यांना त्यात एक मार्क जास्तीचा देतात, तो दिलाय का बघा, पण पाचवीच्या शिक्षणाला तेवढा एक मार्क पुरतो असं मला वाटत नाही. कमी ऐकू येणं, उदासी, झोपेच्या गोळ्या, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, यातल्या कशानंही मार्क पडतात. म्हणून तर तुम्हाला आत बोलावलं. चुगली नाही ती, निम्मं असेसमेंट तेच असतं. औषधं स्वतःची स्वतः घेतात का, पैसे मोजताना गडबड होते का, हे दोन वर्षांपूर्वी कसं होतं आणि आता कसं आहे, तारखेसकट लिहून न्या. आणि पुढच्या वेळी त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "ह्यांना काही आठवत नाही" असं बोलू नका, बस्स.

मुलगी शाळेत जात नाहीये, तर समुपदेशकांनी अख्ख्या घराला बोलावलं, आजी-आजोबांपर्यंत चौकोन-गोल काढले. आम्ही काय आरोपी आहोत?

त्याला जीनोग्राम म्हणतात, घरातल्या माणसांचा आणि त्यांच्या नात्यांचा नकाशाच. चौकोन पुरुष, गोल बाई, ज्यांचं पटत नाही त्यांच्यामधे नागमोडी रेघ. दोष कुणाचा ते शोधायला नाही काढत, तर मुलगी घरी राहिली की घरात नेमकं काय बदलतं ते बघायला. कधी कधी उत्तर फार साधं निघतं, आई आजारी आहे आणि तिला एकटं सोडवत नाही. हे मुलीला एकटीला विचारून कळत नाही कारण तिलाच ते माहीत नसतं. जा, सगळे जा.

नोकरीच्या इंटरव्ह्यूआधी पर्सनॅलिटी टेस्ट आहे, त्यात म्हणे सोळा टाईप असतात. खरं लिहू का त्यांना हवं ते लिहू?

सोळा टाईपवाली ती मायर्स-ब्रिग्ज असेल तर गंमत अशी की ती उमेदवार निवडायला वापरू नका असं ती विकणारेच सांगतात. वाचताना "अगदी मीच" वाटतं, पण १९४८ मधे फोरर नावाच्या प्राध्यापकानं वर्गातल्या सगळ्यांना एकच्या एक वर्णन वाटलं होतं, तरी पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी चारच्या वर मार्क दिले! त्यामुळं रिझल्ट मनाला लावून घेऊ नका. निवडीसाठी खऱ्या कामाचा नमुना करून घेणं किंवा सगळ्यांना तेच प्रश्न विचारणारा इंटरव्ह्यू कितीतरी बरा.

खरंच लिहा पण कामावरचे तुम्ही डोळ्यासमोर ठेवून, घरात लोळणारे नाही. रिझल्ट कोण बघणार, किती दिवस ठेवणार, मला मिळणार का, हे आधी विचारून घ्या. आणि "मी कधीच खोटं बोललो नाही" असलं वाक्य आलं तर "पूर्ण सहमत" वर टिक करू नका, बऱ्याच टेस्टमधे ती वाक्यं स्वतःला फार चांगलं दाखवणारे पकडायला मुद्दाम पेरलेली असतात.