टेक्सासच्या गिऱ्हाइकाकडून सेल्स टॅक्स घ्यायचा का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहते. पैठणीच्या कापडाच्या पर्स शिवून विकते, काही एका मोठ्या मार्केटप्लेसवर, काही स्वतःच्या वेबसाइटवरून. आता टेक्सासहून ऑर्डरी यायला लागल्यात. नवरा म्हणतो ऑनलाइनला सेल्स टॅक्स नसतोच, नणंद म्हणते पन्नासही राज्यांचा घ्यायला लागतो. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही नका ऐकू! तुमचे मिस्टर बोलतायत तो जुना नियम. सुप्रीम कोर्टाच्या 1992च्या क्विल केसप्रमाणे असं होतं की विकणाऱ्याचं दुकान, गोदाम, माणूस असं काहीतरी त्या राज्यात असेल तरच राज्य त्याला टॅक्स गोळा करायला लावू शकायचं. नाहीतर गिऱ्हाइकानेच आपणहून यूज टॅक्स, म्हणजे विकणाऱ्याने न घेतलेला तेवढाच टॅक्स, आपल्या राज्याला भरायचा, आणि तो कोण भरतंय, न्यू जर्सीच्या इन्कम टॅक्स फॉर्मवर त्याची ओळ असते ती तुम्ही कधी बघितली का सांगा. मग साऊथ डकोटा राज्य वेफेअर या ऑनलाइन फर्निचर कंपनीविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि जून 2018मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी निकाल लागला, की दुकान नसलं तरी चालेल, राज्यात धंदा पुरेसा झाला म्हणजे बास.

आता पुरेसा म्हणजे किती ते ज्याचं त्याचं राज्य ठरवतं. टेक्सासमध्ये वर्षाला 5 लाख डॉलरची विक्री लागते, म्हणजे सध्या तिकडचं टेन्शन नाही. नणंदबाईंना सांगा, ओरेगन, मोंटाना, डेलावेअर, न्यू हॅम्पशायरला राज्याचा सेल्स टॅक्सच नाहीये. मार्केटप्लेसवरच्या ऑर्डरींचा टॅक्स तो मार्केटप्लेसच कापून भरतो, तुम्ही बघायचं फक्त स्वतःच्या साइटचं.

पण घरच्या राज्याला सूट नाही हां. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाला एक पर्स पाठवली तरी 6.625 टक्के घ्यायचेच, त्यासाठी आधी राज्याकडे रजिस्टर व्हायचं. गंमत म्हणजे तिथे कपड्यांवर टॅक्स नाही, म्हणजे अख्खी पैठणी विकलीत तर शून्य आणि तिच्याच कापडाची पर्स केलीत की टॅक्स लागला, कारण हँडबॅग कपड्यांत धरत नाहीत. वर टॅक्सेबल वस्तूचं शिपिंगपण टॅक्सेबल, म्हणजे पर्स 100 ची आणि शिपिंग 10 चं असेल तर टॅक्स 110 वर, 7 डॉलर 29 सेंट.

आणि दुसऱ्या राज्यात मंडळाच्या कार्यक्रमाला स्टॉल लावणार असाल तर तिथे तुम्ही स्वतः हजर, मग या लाखांच्या मर्यादा विसरायच्या, त्या राज्याचं व्हेंडर परमिट, म्हणजे तिथे विकायचा परवाना, आधी विचारून घ्या.

तुमच्यासारख्यांना खरा त्रास 200 ऑर्डरींच्या अटीचा. काही राज्यांत 1 लाख डॉलर किंवा 200 ऑर्डरी, यातलं एक झालं तरी टॅक्स गोळा करायला लागतो. 40 डॉलरच्या 200 पर्स म्हणजे जेमतेम 8 हजार डॉलर, त्यात कसले आलेत मोठे व्यापारी! साऊथ डकोटाने स्वतः ही अट 2023मध्ये काढून टाकली, बाकीचीही हळूहळू काढतायत. तोपर्यंत राज्यवार ऑर्डरींची साधी एक्सेल शीट ठेवा, पैशांची नाही, आधी संख्येची.