अमेरिकेत घरच्या घरी स्वस्तात ग्लुटेन-फ्री बिअर कशी करावी? नवऱ्याला सीलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू-बार्लीतलं ग्लुटेन हे प्रथिन चालत नाही; विकतची परवडत नाही.

ज्वारीच्या सिरपने सुरुवात करा. होमब्रूच्या (घरी बिअर करायचं सामान विकणाऱ्या) दुकानात मिळतं ते पांढऱ्या ज्वारीच्या दाण्यांचं एक्स्ट्रॅक्ट घ्यायचं. पॅनकेकवर ओततात ते ज्वारीच्या ताटांच्या रसाचं सिरप वेगळं, ते नको. चार लिटरला साधारण 500 ग्रॅम सिरप, 50 ग्रॅम साखर, 7 ग्रॅम हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं). तासभर उकळा, झटपट गार करा, 20 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की अर्धं पाकीट कोरडं यीस्ट घाला. द्रव यीस्ट बऱ्याचदा बार्लीवर वाढवलेलं असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. दोन आठवड्यांनी बाटल्या भरताना 25 ग्रॅम साखर. साखरेचा हात सैल सोडलात तर बाटल्या फुटतात!

चवीला मागे किंचित आंबूसपणा राहतो. थोडे हॉप्स उकळी संपता संपता घातले की तो झाकला जातो.

काटकसर बादली-नळीत मात्र नको. आधी बार्लीची बिअर केलेलं सामान फुकट मिळालं तरी घेऊ नका. एन्झाइमने ग्लुटेन 'कमी केलेली' बार्लीची बिअरही सीलिअ‍ॅकवाल्यांसाठी नाही.

ज्वारीला मोड आणून माल्ट करायची हौस असेल तर सांभाळून: कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, वाळवून मुळं-कोंब चोळून काढावेच लागतात. त्यापेक्षा नाचणी बरी.

संघीय कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला 200 गॅलन चालतात, विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हा उद्योग करू नका.