पहिल्या पक्षीसहलीची आखणी

चार दिवसांत चार ठिकाणं उरकू नका. एकाच पाणथळीवर किंवा जंगलात तीन मुक्काम करा. पहाटेचे पहिले दोन-तीन तास प्रवासात गेले की सर्वोत्तम वेळ हुकलीच. तारखा ठरवण्याआधी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, कोणत्या महिन्यात कोणते पक्षी दिसतात हा त्या जागेचा तक्ता बघा. दुर्बीण ८×४२ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) घ्या, १०×ला म्हणजे दहापटीला हाताची थरथर जास्त जाणवते. घरीच आधी डाव्या डोळ्याचं चित्र मधल्या चाकाने स्पष्ट करा, मग उजव्याचं डायऑप्टरने, म्हणजे सहसा उजव्या नळीवर असणाऱ्या फिरत्या कडीने. हे राहून गेलं की चित्र धूसर दिसतं, डोकं दुखतं.

वाटाड्या स्थानिकच घ्या. ध्वनिमुद्रित आवाज लावून पक्षी बोलावतो का, हे मात्र नक्की विचारा. बोलावत असेल तर दुसरा शोधा. विणीच्या काळात नर त्या आवाजाला प्रतिस्पर्धी समजतो आणि पिलांना भरवायचं सोडून हद्द राखत बसतो. पक्षी सतत इशाऱ्याचा आवाज काढू लागला, तर लगेच मागे सरका.