नकाशावर अर्धा तालुका कोराच राहतो!

प्रश्न : संगमेश्वर तालुक्यातली गावं २००१ ते २०११मध्ये किती रिकामी झाली, हे क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरवर दाखवतोय. पण निम्मी गावं कोरी दिसतात. काय चुकलं? – एक शिक्षक

उत्तर : सर, तुम्ही गावाच्या नावावरून जनगणनेचा तक्ता नकाशाला जोडला असणार. मीही तेच केलं होतं. एका यादीत ‘वाडी’ जोडून, दुसरीत तोडून. संगणकाला ती दोन गावं वाटतात. जनगणनेत प्रत्येक गावाला दिलेल्या कोडवरून जोडा, पण जनगणनेने २०११ला कोड बदलले, म्हणून जुन्या-नव्या कोडची जुळणी आधी हाताने करा. कंटाळवाणं आहे, इलाज नाही. आणि एक्सेलमध्ये कोडचा रकाना ‘टेक्स्ट’ ठेवा, नाहीतर सुरुवातीची शून्यं गायब! माझे दोन रविवार त्यातच गेले.

रंग लोकसंख्येला नको, टक्केवारीतल्या बदलाला द्या. तुमचा रत्नागिरी जिल्हा या दहा वर्षांत १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९वर आला, म्हणजे पावणेपाच टक्क्यांहून जास्त घट.

एक मात्र लक्षात घ्या. ही मोजणी फेब्रुवारीतली. शिमग्याला येणारे चाकरमानी तेव्हा मुंबईत मोजले गेले. तेव्हा नकाशावर जास्त घटीच्या गडद रंगात दिसणाऱ्या दोन-तीन गावांत जाऊन कुलूपबंद घरं मोजून या.