फिल्टर बसवला, काढायचा राहिला

तुमचं पत्र थोडक्यात असं: दोन वर्षं चार महिन्यांपूर्वी आईच्या मांडीच्या शिरेतली गुठळी नळी घालून काढली. तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ नये म्हणून पोटातल्या मोठ्या शिरेत ‘तात्पुरता’ फिल्टर बसवला. तो कधी काढायचा, हे डिस्चार्ज कार्डावर नाही. गेल्या महिन्यात सीटी स्कॅनमध्ये तो तिथेच दिसला, एक तार मोडलेली. रुग्णालय म्हणतं, फिल्टरने जीव वाचवला आणि तक्रारीची मुदतही गेली.

आधी आईला दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवा. फिल्टर जितका जुना, तितका काढणं अवघड. त्यांचं लेखी मत पुढे पुरावाही ठरेल.

फिल्टर बसवला यावर मात्र तक्रार करू नका. काही डॉक्टर तो बसवतात, काही रक्त पातळ करण्याच्या औषधावर भागवतात. दोन मान्य पद्धतींपैकी एक निवडली म्हणून निष्काळजीपणा ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलं आहे. तुमचा मुद्दा पुढचा आहे: धोका टळल्यावर आईला परत बोलवायची जबाबदारी कोणाची होती? अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्येच, गरज संपताच असे फिल्टर काढावेत, असा इशारा दिला होता. कायम ठेवायचं ठरलं असेल, तर ते केसपेपरवर हवं आणि आईला सांगितलेलं हवं.

मुदतीचं घाबरू नका, पण गाफीलही राहू नका. ग्राहक कायद्याच्या कलम ६९ मध्ये दोन वर्षं आहेत. इजा आत दडलेली असेल, तर ती कळल्यापासून मुदत मोजता येते, हे २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. त्यातली रुग्ण मात्र हरली, कारण नऊ वर्षं दुखत असूनही तिने त्या सर्जनला विचारलं नव्हतं. म्हणून मधल्या काळात आईचं पोट किंवा पाय दुखला असेल, तर लपवू नका; कोणाला दाखवलं, काय उत्तर मिळालं, तेही लिहा. सोबत विलंबमाफीचा अर्ज जोडाच.

खरी घाई कागदांची आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार आंतररुग्णाचे कागद उपचार सुरू झाल्यापासून तीनच वर्षं जपणं बंधनकारक आहे. तुमच्या हाती जेमतेम आठ महिने आहेत. आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ७२ तासांत कागद द्यावे लागतात. संमतीपत्र, प्रक्रियेची नोंद आणि फिल्टरच्या खोक्यावरचं स्टिकर नाव घेऊन मागा. फिल्टर काढता येण्याजोगा होता का, हे त्या स्टिकरवरून कळेल.