ओएचसीतल्या सिस्टरने पुढे काय शिकावं?

प्रश्न : मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) आहे. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ओएचसी, म्हणजे कामगारांसाठीचं आरोग्य केंद्र, सांभाळते. आमचे डॉक्टर एएफआयएच (औद्योगिक आरोग्याचा कोर्स) केलेले आहेत. मलाही कामगारांच्या आरोग्यातच पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय, पण नोकरी सोडणं परवडणार नाही. शनिवार-रविवारच्या ‘पीजी डिप्लोमा’ची जाहिरात पाहिली. फी भरू का?

उत्तर : सिस्टर, आधी त्यांना विचारा, या डिप्लोमाची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते का? उत्तर लेखी मागा. टोलवाटोलवी झाली तर पैसे घरीच राहू द्या.

एएफआयएचचा नाद सोडा, तो एमबीबीएसवाल्यांचा कोर्स. मला हे कधीच पटलेलं नाही. रात्रपाळीला बोट चेचून कामगार येतो तेव्हा बहुतेक ठिकाणी समोर सिस्टरच असते. असो.

तुमचा रस्ता लांबचा आहे. दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी), मग दोन वर्षं एमएस्सी नर्सिंग. एमएस्सीला 55 टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. तो पोस्ट बेसिकच्या आधीचाही चालतो. स्पेशालिटी कम्युनिटी हेल्थ घ्या, कामगारांचं आरोग्य तिच्यातच शिकवतात. वर्ग, पोस्टिंग सगळं दिवसाचं असतं. त्यामुळे जनरल शिफ्ट करून एमएस्सी होईल या आशेवर राहू नका.

तुमच्याकडे मात्र एक गोष्ट आहे जी वॉर्डातल्या मुलींकडे नसते, प्रबंधाचा विषय. प्रेस शॉपमधल्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशिनांच्या गोंगाटात काम करणाऱ्यांचे ऑडिओग्राम (ऐकण्याच्या चाचणीचे आलेख) काढून बघा. आवाजाने कान गेला की आलेख बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपास खाली बसतो. पण पाळी सुटल्या सुटल्या चाचणी केली तर नुसता थकलेला कानही अधू दिसतो. म्हणून निदान चौदा तास गोंगाटापासून लांब राहिलेल्या माणसाचीच चाचणी धरायची. तुमच्याकडे कामावरून थेट रांगेत उभं करतात का? करत असतील तर विषय तिथेच मिळाला. फक्त कामगारांची संमती आणि एथिक्स कमिटीची परवानगी घ्या, आणि कोणाचा कान कसा आहे ते नावानिशी एचआरच्या टेबलावर जाऊ देऊ नका.

अभ्यासरजेचा अर्ज आत्ताच द्या, बिनपगारी मिळाली तरी. सोबत बदली सिस्टर कोण, हेही सुचवा. नाहीतर अर्ज तिथेच अडकतो.