प्रवासात 'स्वतःचा शोध' लागणारे सिनेमे धार्मिक माणसाला कसे वाटतात?

प्रश्नात तुम्ही 'ईट प्रे लव्ह' आणि 'द वे' एकाच माळेत ओवलेत, पण माझ्या मते दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिला पटकन उरकतो. इटलीत खायचं, भारतात आश्रमात ध्यान, बालीत प्रेम. देव माझ्यात माझ्याच रूपात राहतो असं काहीतरी त्यात आहे, ते बऱ्याच ख्रिश्चन लोकांना खटकतं कारण त्यांच्यात देव वेगळा, माणूस वेगळा. आपल्याला नाही खटकत, अद्वैत वगैरे लहानपणापासून कानावर असतं. पण आपल्याकडे त्याआधी गुरू, साधना, अहंकार सोडणं हे सगळं लागतं ना, इथे तिकीट काढलं की झालं!

'द वे' (२०१०) मात्र मी तीनदा पाहिलाय. टॉम हा अमेरिकेतला डोळ्यांचा डॉक्टर, त्याचा मुलगा स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिश्चन तीर्थाच्या पायी यात्रेला निघतो आणि सुरुवातीलाच पिरेनीजच्या डोंगरात त्याचा मृत्यू होतो, बाप बॉडी घ्यायला येतो आणि तिथेच दहन करून अस्थींचा डबा सॅकमध्ये टाकून ते जवळपास ८०० किलोमीटर स्वतःच चालायला लागतो. वाटेत जागोजागी थोडी थोडी राख ठेवत जातो.

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आजोबांच्या अस्थी मीच रामकुंडात सोडल्यात. पण वसईतले आमच्या शेजारचे कॅथलिक काका, रोज मिस्साला (चर्चमधल्या प्रार्थनेला) जाणारे, बघता बघता म्हणाले, "अरे, हे आमच्यात चालत नाही." मग कळलं की कॅथलिक चर्चने दहनाला मोकळीक दिली तीच मुळात १९६३ मध्ये, आणि राख वाटायची नाही, उधळायची नाही, पवित्र जागी एकत्र ठेवायची, हे व्हॅटिकनने २०१६ ला पुन्हा लेखी सांगितलं. म्हणजे ज्या सीनला माझ्या डोळ्यात पाणी, त्याच सीनला काकांच्या कपाळाला आठी. आणि गंमत बघा, टॉम झालेला मार्टिन शीन स्वतः श्रद्धाळू कॅथलिक, सिनेमा काढलाय त्याच्याच मुलाने, एमिलिओ एस्तेवेझने.

तरी काकांना सिनेमा आवडला. म्हणाले, हा स्वतःला शोधायला निघालेलाच नाही, पोराचं अर्धवट राहिलेलं पुरं करायला निघालाय. मला हे एकदम पटलं, कारण आमची मावशी वारीला जाते, तिला कोणी "काय मिळालं?" विचारलं की वैतागते, सासूची वारी होती ती मोडायची नाही, बस्स. काही मिळवायला जायचं असतं हेच तिला कळत नाही.

शेवटी सांतियागोच्या ऑफिसात प्रमाणपत्र देताना विचारतात, कशासाठी चाललात? टॉमला धड सांगता येत नाही, आणि कागदावर स्वतःचं नाव बदलून पोराचं घालून घेतो. काकांनी तेवढा सीन मागे घेऊन परत लावायला सांगितला.